सुकवारोबाईच्या भरलेल्या शिंपल्या

चाळीस शिंपल्या तपासल्या. चाळीसही रिकाम्या निघाल्या.

मी चिमटा ट्रेमध्ये ठेवला, चष्मा पुसला आणि शेवटच्या पाच पुन्हा पाहिल्या. रिकाम्याच. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'ग्रॅव्हिड मादी: शून्य.' ग्रॅव्हिड म्हणजे गाभण.

शिंपली रिकामी म्हणजे काय, ते आधी सांगते. तळ्यातली शिंपली अंडी पाण्यात सोडून मोकळी होत नाही. ती पिल्लं आपल्या कल्ल्यांत सांभाळते. कल्ले म्हणजे तिचे श्वास घ्यायचे पातळ पडदे. मादी भरली की हे पडदे उशीसारखे फुगतात. डॉक्टर नाकात बघायला वापरतात तसल्या चिमट्याने कवचाला जराशी फट पाडायची आणि आत टॉर्च मारायचा. भरलेली असली की लगेच कळतं. यात शिंपली मरत नाही. "फक्त नाराज होती है," असं आमचे ड्रायव्हर रामदीन भैया म्हणायचे.

मी जबलपूरला मत्स्य खात्यात होते. दोन खोल्यांची लॅब, एक मायक्रोस्कोप, चार टाक्या आणि मी. वडील मूळचे वर्ध्याकडचे. राज्यांची नवी वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडे गेलं, वडिलांची नोकरी इकडे राहिली, म्हणून आम्हीही राहिलो. कांचघर नावाच्या वस्तीत घर. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि फाईलवर इंग्रजी, असं माझं सगळं आयुष्य गेलं.

या चाळीस शिंपल्या कुंडमजवळच्या एका गावातल्या तळ्यातून आल्या होत्या. तिथे बायकांच्या एका गटाने तळं चालवायला घेतलं होतं आणि खात्याने त्यांना मोत्यांची शेती शिकवली होती. जिवंत शिंपलीत एक बारीक मणी बसवायचा, तिला जाळीच्या पिशवीत घालून तळ्यात टांगायचं आणि वाट बघायची. ती मण्यावर थर चढवत जाते. बायका हे काम माझ्यापेक्षा सफाईने करत. अडचण वेगळीच निघाली. तळ्यात सगळ्या शिंपल्या जुन्या, तळहाताएवढ्या. लहान एकही नाही. म्हणजे आहेत त्या संपल्या की पुढे काही नाही.

माझे वरिष्ठ होते सुभेदार साहेब. मराठेशाहीच्या काळात नोकरीनिमित्त इकडे आलेल्या घराण्यातले. त्यांची मराठी जुनी आणि हिंदीत मुरलेली. एक खूण अख्ख्या ऑफिसला माहीत होती. साहेब खूश असले की माझ्याशी मराठीत बोलत, रागावले की हिंदीत.

"अच्छा, ठवरे मॅडम," ते मराठीत म्हणाले होते, "मला एवढंच सांगा. त्या तळ्यातल्या शिंपल्या पिल्लं देऊन राहिल्या की नाही? भोपाळला एका ओळीचं उत्तर पाहिजे."

मी कुंडमला गेले. मे महिना होता. सकाळी तळ्यातून चाळीस शिंपल्या काढल्या, ओल्या पोत्यात भरल्या आणि पोतं जीपच्या मागे ठेवलं. येताना तहसीलच्या ऑफिसात एक मीटिंग होती, ती उरकली. दुपारी जबलपूरला पोचलो. दुसऱ्या दिवशी तपासल्या, आणि शून्य लिहिलं.

एका ओळीचं उत्तर दिलं. या तळ्यातल्या शिंपल्यांचं प्रजनन थांबलेलं आहे, बहुधा त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. खाली सही केली. सही करताना मला जराही शंका आली नाही. तेव्हा माझी नोकरी बावीस वर्षांची झाली होती.

भोपाळहून उत्तर झटपट आलं. तळं निरुपयोगी आहे तर ते पूर्ण आटवा, जेसीबी लावून खोल करा आणि नवीन शिंपल्या बाहेरून आणून सोडा. काम पावसाआधी संपलं पाहिजे.

पत्र आल्यावर चौथ्या दिवशी सुकवारोबाई ऑफिसात आली.

सुकवारोबाई त्या गटाची प्रमुख. गोंड बाई. पन्नाशीची असावी, तिलाही नक्की माहीत नव्हतं. बुटकी, काटक, कपाळावर आणि हातांवर गोंदण. तळ्यात उतरली की कमरेएवढ्या पाण्यात पायाच्या अंगठ्याने शिंपल्या शोधायची आणि पायानेच वर उचलायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. ती इतकी हसली की पाण्यात बसलीच.

त्या दिवशी ती हसली नाही. डोक्यावर पाण्याने भरलेली पितळी गुंडी, गुंडीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. पहाटेच्या पहिल्या बसने आली होती. गुंडी माझ्या टेबलावर, थेट रजिस्टरवर ठेवली.

"मैडम, तुमने लिख दओ हमाई सीपें बाँझ हैं?"

मी म्हटलं, "बाई, मी चाळीस तपासल्या. एकीतही काही नव्हतं."

"हओ. अब जे देखो."

गुंडीत आठ शिंपल्या होत्या. पाणी गार होतं. मी एक उचलली, चिमटा लावला, टॉर्च मारला. कल्ले फुगून घट्ट झाले होते. दुसरी तशीच. तिसरी रिकामी, तो नर असावा. आठांपैकी पाच भरलेल्या.

मी खाली बसले. तोच महिना, तेच तळं.

"तुम्हाला कसं कळलं भरलेल्या आहेत ते?" मी विचारलं.

तिला प्रश्नच विचित्र वाटला. तिने सांगितलं ते असं. त्यांच्या गावात जुनी माणसं शिंपल्या खातात. पण या दिवसांत खात नाहीत. या दिवसांत खाल्ली तर दाताखाली रेती येते. धुवा, उकळा, कितीही करा, कचकच जात नाही. ती रेती नसते, पिल्लं असतात, हे तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. "भरी सीप खाबे को पाप है," ती म्हणाली, आणि मग प्रामाणिकपणे जोडलं, "और स्वाद भी नहीं रहता."

मी एका शिंपलीच्या कल्ल्यातला थेंब काचपट्टीवर घेतला आणि मायक्रोस्कोप लावला. शेकडो इवले जीव, प्रत्येकाला दोन कवचं, चिमुकल्या डब्यासारखी उघडझाप करणारी. पुस्तकात यांना ग्लोकिडियम म्हणतात. कवच चुन्याचं असतं, म्हणून दाताखाली कचकचतं. सुकवारोबाईची सासू बरोबर होती.

मी तिला बघायला बोलावलं. तिने एक डोळा मिटला, दुसरा लावला आणि बराच वेळ हलली नाही.

"आँय," ती हळूच म्हणाली. "जे तो मुँह चला रए."

मग माझ्या शून्याचं काय? मी रामदीन भैयांना बोलावलं. त्या दिवशीचं पोतं कसं होतं, विचारलं. ते आठवायला लागले. पोतं? पोतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी धुतलं होतं.

"क्या था उसमें?"

"कुछ नहीं मैडम. सफ़ेद-सफ़ेद लसदार था, धागे जैसा. गाड़ी में बास मार रहा था. हमने पाइप लगाके साफ़ कर दिया."

सगळं समजलं. शिंपलीला फार उकडलं, हवा कमी पडली, की ती पिल्लांचं ओझं टाकून देते. अर्धवट वाढलेली, जगू न शकणारी पिल्लं दोऱ्यासारख्या लगद्यात बाहेर येतात. साध्या शब्दांत गर्भपात. तिचा स्वतःचा श्वास त्याच पडद्यांतून चालतो. पडदे पिल्लांनी भरलेले असले की तिला स्वतःला हवा कमी मिळते. एरवी चालतं. पाणी तापलं की चालत नाही. मग ती स्वतःला वाचवते.

हे मला माहीत होतं. एम.एस्सी.ला शिकले होते. आणि मी मे महिन्याच्या दुपारी पोतं जीपमध्ये ठेवून मीटिंगमध्ये चहा पीत बसले होते. त्या चाळिसांपैकी ज्या भरलेल्या होत्या त्या माझ्या जीपमध्ये रिकाम्या झाल्या, आणि मी त्यांना म्हाताऱ्या म्हटलं.

सुकवारोबाईला मी हे जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, चिडेल. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "चलो, तो अब साहब को बताओ." एवढंच म्हणाली.

सुभेदार साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हिंदीत सुरुवात केली.

"आप समझ रही हैं? रिपोर्ट भोपाल जा चुकी है. ऑर्डर आ गया है. दस दिन में मशीन लगेगी. मैं क्या लिखूँ, कि हमारी मैडम ने सीप को धूप में रख दिया?"

"हो सर. तेच लिहा."

"आपका प्रमोशन ड्यू है इस साल."

"माहीत आहे सर."

  ऑफिसात एसी त्यांच्याच खोलीत होता. सुकवारोबाई दाराजवळ जमिनीवर बसली होती. खुर्ची दिली तरी बसली नाही. गार हवेने तिने पदर अंगाभोवती लपेटून घेतला होता.

"समजा, शिंपल्या भरतात," साहेब म्हणाले. "मग तळ्यात पिल्लं काहून नाहीत? ते सांगा आधी. नाहीतर भोपाळवाले हाच प्रश्न विचारतील, आणि तळं आटेल ते आटेलच."

मराठी ऐकून मला धीर आला. "एक आठवडा द्या सर. आणि तुमची खोली."

"काय?"

मला दोन टब पाहिजे होते. एक गार, एक साधा. लॅबच्या टाक्या दुपारी उकळायच्या. घरचा कूलर आणायचा विचार केला होता, पण घरात सासरे आजारी होते आणि कूलर त्यांच्याकडे होता. ऑफिसात गार जागा एकच होती.

साहेबांनी कपाळाला हात लावला. तासाभराने त्यांच्या सोफ्यामागे एक निळा टब आला. दुसऱ्या दिवशी त्यात सहा भरलेल्या शिंपल्या आणि हवेचा एक छोटा पंप. सहा तशाच शिंपल्या लॅबच्या व्हरांड्यातल्या टबात, सावलीत, पण बाहेरच्या हवेत. या बारा शिंपल्यांसाठी सुकवारोबाई त्या दिवशी पुन्हा बसने आली, पुन्हा गुंडी डोक्यावर घेऊन. या वेळी तिने बसमध्ये खिडकीची जागा कुणाला दिली नाही. वारा लागावा म्हणून.

व्हरांड्यातल्या शिंपल्यांनी तीन दिवसांत लगदा टाकला. सहापैकी पाचांनी. साहेबांच्या खोलीतल्या सहाही भरलेल्या राहिल्या.

त्या खोलीत एक वेगळीच गोष्ट घडत होती. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "पंपाचा आवाज फार होतो." दुसऱ्या दिवशी टबावर वर्तमानपत्र झाकलेलं दिसलं. कारण विचारलं तर म्हणाले, "उजेडाचा त्रास होत असेल ना त्यांना." चौथ्या दिवशी मी आत गेले तर साहेब सोफ्यामागे गुडघ्यावर बसलेले. एक शिंपली वाळूत पाय रोवून सरकत होती, आणि तिच्यामागे बारीक चर उमटत होता.

"ठवरे मॅडम, ही चालून राहिली," ते म्हणाले. एकतीस वर्षं मत्स्य खात्यात काढलेला माणूस.

रविवारी दुपारी चौकीदाराने बिल वाचवायला एसी बंद केला होता, तर साहेब सदर बाजारातून तसेच ऑफिसात गेले आणि स्वतः चालू करून आले, असं मला सोमवारी कळलं.

घरी मी रोज उशिरा पोचत होते. माझे मिस्टर अविनाश रेल्वेत. ताट वाढून बसलेले असायचे. "काहून, आज कोणाची डिलिव्हरी होती?" ते विचारायचे. मी हसायची. एकदा मात्र मला रडू आलं. म्हटलं, "मीच पाडली हो सगळी. चाळिसांतल्या जेवढ्या भरलेल्या होत्या तेवढ्यांची." त्यांनी काही समजावलं नाही. पोळी ताटात घातली आणि म्हणाले, "जेवून घे आधी. उद्या तळ्यावर मी पण येतो, सुट्टी आहे."

तळ्यावर आम्ही तिघं होतो. सुकवारोबाई पुढे, मी मधे, अविनाश काठावरून दोरी आणि थर्मामीटर धरून. काठाजवळचं पाणी चहासारखं गरम. तळं निम्मं आटलेलं होतं. गावातली माणसं सांगत होती की पूर्वी मे महिन्यातही पाणी माणसाच्या खांद्याला लागायचं. आता पाऊस लवकर संपतो, ऊन होळीच्या आधीच सुरू होतं. पाणी उथळ झालं की तळापर्यंत तापतं. म्हणजे अख्खं तळंच माझ्या व्हरांड्यातला टब झालं होतं. शिंपल्या दर उन्हाळ्यात भरत होत्या आणि दर उन्हाळ्यात टाकून देत होत्या. वर्षानुवर्षं. म्हणून लहान शिंपली एकही नव्हती.

"मग तुमच्या गुंडीतल्या भरलेल्या कुठून आल्या?" मी विचारलं.

"इतै आओ," ती म्हणाली आणि मला हाताला धरून तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडे नेलं. "पाँव धरो इहाँ."

मी पाय टाकला आणि दचकले. पाणी गार होतं. तळाशी झरा होता. गावात त्याला झिरा म्हणतात. अंगणाएवढी जागा, बाकी तळ्यापेक्षा खोल. बाई नेहमी तिथूनच शिंपल्या काढत होती. मी काठावर जिथे सोयीचं पडलं तिथून काढल्या होत्या.

त्या चिखलात माझी एक चप्पल गेली. सुकवारोबाईने अंगठ्याने शोधून वर काढली, आणि त्याच पायाने दोन शिंपल्याही.

आता एकच गाठ उरली. झिऱ्यातल्या शिंपल्या तरी पूर्ण दिवस भरत होत्या. त्यांची पिल्लं कुठे गेली? याचं उत्तर मला येत होतं. पिल्लू आईतून सुटलं की ते एकटं जगत नाही. त्याला मासा लागतो. माशाच्या कल्ल्याला किंवा पंखाला ते कवचाने चिमटा घेऊन लटकतं, काही आठवडे तसंच फिरतं, वाढतं आणि मग तळाशी सुटून पडतं. तिथून पुढे ती शिंपली. माशाला फारसा त्रास होत नाही. पण मासा नसला तर पिल्लू दोन-चार दिवसांत मरतं.

"तळ्यात मासे आहेत आत्ता?" मी विचारलं.

सुकवारोबाई थांबली. "मार्च में सब निकाल लेत हैं. जाल फेर के. पानी कम रहता है, तो आसानी से निकल आते हैं."

"सगळे?"

"चिल्लर भी."

ती पाण्यातच उभी राहिली. पूर्वी पाणी भरपूर असायचं, जाळं तळापर्यंत पोचायचं नाही, थोडे मासे नेहमी मागे उरायचे. पाणी कमी झाल्यावर जाळं सगळं काढायला लागलं. नवीन मत्स्यबीज पाऊस पडल्यावर सोडायचं. मधल्या दिवसांत तळ्यात मासाच नाही, आणि शिंपलीची पिल्लं नेमकी त्याच दिवसांत सुटणार.

"तो हमने भी मारे," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. 

रिपोर्ट मी दोन पानांचा लिहिला. पहिलं वाक्य असं होतं: 'माझ्या आधीच्या रिपोर्टमधला निष्कर्ष चुकीचा आहे, नमुने माझ्या देखरेखीखाली आणताना तापले आणि त्यामुळे रिकामे झाले.' साहेबांनी ते वाक्य वाचलं, पेन उचललं, ठेवलं. "हे मऊ करता येईल," म्हणाले. मी म्हटलं, "नको." त्यांनी खाली आपली शिफारस लिहिली: तळं आटवू नये. झिऱ्याचा कोपरा सोडून फक्त पश्चिमेचा भाग खोल करावा. उन्हाळ्यात थोडे लहान मासे तळ्यात ठेवावेत. आणि पत्र पोस्टाने न पाठवता स्वतः भोपाळला घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. परत आले ते दिवसभर हिंदीत बोलत होते, पण ऑर्डर बदलून आणली होती.

मला मेमो मिळाला. निष्काळजीपणाबद्दल. प्रमोशन त्या वर्षी झालं नाही, पुढल्या वर्षीही झालं नाही. मेमो मी जपून ठेवला आहे. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे.

जेसीबी आला त्या दिवशी सुकवारोबाई आणि गटातल्या बायका झिऱ्याभोवती बांबू रोवून उभ्या होत्या. मशीनवाल्याला बाईने सांगितलं, "इस तरफ़ आए तो हम लेट जाहें." तो आला नाही. पश्चिमेचा भाग खोल झाला. झिऱ्यावर बायकांनी बांबूंचा मांडव घातला आणि त्यावर दुधी आणि गिलकीचे, म्हणजे घोसाळ्याचे, वेल चढवले. सावलीची कल्पना माझी, वेलांची त्यांची. खात्याने हिरवी जाळी सुचवली होती. जाळीला गिलकी लागत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

पुढल्या उन्हाळ्यात काही मिळालं नाही. मी महिन्यातून एकदा जायची, चाळणीने चिखल गाळायची, रिकाम्या हाताने परत यायची. साहेब तोवर रिटायर झाले होते. फोनवर विचारायचे, "काही?" मी म्हणायची, "नाही सर."

त्याच्या पुढल्या वर्षी, हिवाळ्यात, सुकवारोबाईचा फोन आला. तिच्या नातीने लावून दिला असावा, कारण बाई फोनमध्ये ओरडत होती.

"मैडम! बच्चा मिल गओ!"

मी साहेबांना कळवलं. दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर पाहते तर ते मफलर गुंडाळून माझ्या आधी उभे. आम्ही दोघं कुंडमच्या बसने गेलो. झिऱ्याच्या काठावर पितळी परातीत सतरा शिंपल्या होत्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या. कवच इतकं पातळ की उन्हात धरलं तर हिरवं दिसत होतं. साहेबांनी एक तळहातावर घेतली. तिने हळूच पाय बाहेर काढला आणि त्यांच्या हातावरच रुतायची जागा शोधायला लागली.

"अरे, अरे," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. सुकवारोबाई त्यांच्याकडे बघून इतकी हसली की पाण्यात बसलीच असती, काठावर होती म्हणून वाचली. मग तिने सतराच्या सतरा शिंपल्या ओंजळीने पाण्यात सोडल्या.

सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. त्यानंतरच्या एका वर्षी ऊन इतकं लवकर आणि इतकं कडक सुरू झालं की झिराही कोमट झाला. त्या वर्षी पिल्लं नाहीत. पुढच्या वर्षी होती, थोडी. बायकांनी नियम केला आहे की लहान मासे अमुक टोपल्या तरी तळ्यात राहिलेच पाहिजेत, आणि नियम मोडणाऱ्याला गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. मोती निघतात, फार नाही. पण शिंपल्या बाहेरून आणाव्या लागत नाहीत. मी रिटायर झाले तेव्हा तळ्यात तीन-चार वयांच्या शिंपल्या होत्या. असं तळं बघितलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला बरं वाटतं. कोणत्याही गावात आजोबा, काकू आणि नातवंडं एकत्र दिसावीत तसं.

यातून मी काय शिकले ते थोडक्यात सांगते. शून्य लिहिण्याआधी नमुना कोणत्या जागेवरून काढला, कशातून आणला आणि वाटेत किती तापला, हे लिहावं. आमच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. मी पट्टीने रेघ मारून एक केला. काही वर्षांनी तो छापील फॉर्ममध्ये आला. त्यात बहुतेक जण 'जीपने' एवढंच लिहितात.